मंत्रिमहोदयांचे पाच दिवस

मंत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरे कडक कपडे, दिव्याची गाडी, मागेपुढे धावणारी चार माणसं आणि हारांनी वाकलेली मान. माझे मंत्री चौकटीचा पायजमा घालून, दोन्ही पाय गार पाण्याच्या टबात सोडून बसले होते. सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोचा, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीचा, अकरावा मजला, बाल्कनीची दारं बंद आणि एसीही बंद. एसीने सांधे धरतात म्हणे. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि माझाही जीव नकोसा झाला होता.

"यांना मंत्रिमहोदय म्हणायचं," त्यांच्या मुलीने मला दारातच बजावलं. फ्रान्समध्ये एकदा मंत्री झालेला माणूस मरेपर्यंत मंत्रिमहोदयच असतो. मला हसू आलं. आपल्याकडे पडलेल्या आमदारालाही लोक साहेबच म्हणतात, मग यांच्यावरच का हसायचं, असं म्हणून मी ते गिळलं.

माझं तिथे जाणं कसं झालं ते सांगते. माझा नवरा बोटीवर चीफ इंजिनियर. सहा-सात महिने समुद्रावर, दोन महिने घरी. आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. मुलगी शाळेत गेली की भिंती खायला उठायच्या. पुण्यात मी बारा वर्षं फ्रेंच शिकवलं होतं, आणि इथे येऊन काय करत होते, तर मुलीचे युनिफॉर्म इस्त्री. एके दिवशी लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली : वृद्ध गृहस्थांसाठी फ्रेंच वाचणारी आणि टाइप करणारी व्यक्ती हवी. मी त्याच दिवशी फोन केला. त्यांची मुलगी तांजोंग पगारला एका मोठ्या ऑफिसात होती. नवऱ्यामुळे मिळालेल्या माझ्या राहण्याच्या पासवर काम करायची परवानगी तिनेच काढून दिली.

मंत्रिमहोदयांचे डोळे गेले होते, पण विचित्र तऱ्हेने. मधोमध काळा डाग आणि कडेचं सगळं दिसायचं. त्यामुळे तुमच्याकडे बघायचं असलं की ते तोंड खिडकीकडे करायचे. पुस्तक वाचणं संपलं होतं, पत्र वाचणं संपलं होतं, आणि आयुष्य लिहून काढायचं राहिलं होतं. मी आधी आलेली पत्रं वाचायची, मग काल टाइप केलेलं वाचून दाखवायचं, मग ते पुढचं सांगणार. आठवड्यातून तीन सकाळी. क्रमात बदल केलेला त्यांना खपायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, ऑफिस गेलं तरी ऑफिसची शिस्त काही गेली नव्हती.

अशा रीतीने मी एका परक्या माणसाचं आयुष्य टाइप करत गेले. उत्तरेकडचं एक लहानसं मासेमारीचं बंदर. वडील तिथल्या बर्फाच्या कारखान्यात कारकून. घरात कायम ओल्या गोणपाटाचा वास. विशीत असताना युद्ध आलं, गावात जर्मन आले. हे आणि यांचा एक मित्र, कोळ्याचा मुलगा, दोघं मिळून माशांच्या टोपल्यांच्या तळाशी निरोपाच्या चिठ्ठ्या घालून नेत. एकदा जर्मन शिपायाने टोपलीत हात घातला. मित्राने न डगमगता एक जिवंत खेकडा त्याच्या हातावर सोडला आणि वर माफी मागितली. हा प्रसंग मी चार वेळा टाइप केला, कारण दर वेळी त्यांना तो जास्त चांगला सांगता यायचा. मग पॅरिसला जाऊन वकिली. तिशीत गावचं नगराध्यक्षपद, मग खासदारकी, मग समुद्र खात्याचे धाकटे मंत्री : बंदरं, मासेमारी, मालवाहू बोटी. नंतर मजूर खात्याचे थोरले मंत्री. सरकार पडलं, पुन्हा आलं, पुन्हा पडलं. शेवटी आपल्याच गावात निवडणूक हरले. गावात एका दंतवैद्याच्या नावाचा रस्ता आहे आणि यांच्या नावाचा नाही, ही सल त्यांनी तीन प्रकरणांत तीन ठिकाणी घातली होती. मी सुचवलं, एकदाच ठेवू या. ते खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाले, "मादाम, तो दंतवैद्य चांगलाही नव्हता."

मला ते आवडत होते, हे सांगून टाकलेलं बरं. माझ्या वडिलांसारखे, म्हणजे अण्णांसारखे, मुळीच नव्हते, आणि तरी पाव कॉफीत बुडवून खाताना मिशीला लागलेला थेंब पुसायची त्यांची तऱ्हा बघितली की मला अण्णा आठवायचे. आणि अण्णा आठवले की दादाचा राग यायचा.

तो राग चार वर्षांचा होता. अण्णा गेले त्या दिवशी पुण्याहून दादाचा फोन आला. "अण्णा सीरियस आहेत. निघता आलं तर नीघ." आपल्याकडे हे असंच सांगतात, आणि ते ऐकणाऱ्यालाही कळायला हवं असतं. पण ऐकणारी लेक असली की तिला कळत नाही, कारण तिला कळून घ्यायचं नसतं. मी विचारलं, दवाखान्यात आहेत का? दादा म्हणाला, हो. मी त्या दुपारचं विमान सोडलं. म्हटलं, मुलीची शेजारणीकडे सोय लावू, दवाखान्यात घालायला अण्णांना मऊ सपाता घेऊ, दुसऱ्या दिवशी जाऊ. सपाता निळ्या होत्या. घरी पोचले तेव्हा आतल्या खोलीत जमिनीवर, पिठाच्या ढिगावर, दक्षिणेकडे वात करून दिवा लावलेला होता. अण्णा मला फोन येण्याच्या तीन तास आधीच गेले होते. दुपारचं विमान धरलं असतं तर रात्रीपर्यंत सगळे थांबले असते. "तू एकटी, पोर लहान," दादा म्हणाला, "विमानात तुला काही झालं असतं तर?" मी सपातांची पिशवी त्याच्या पायाशी टाकली. तेव्हापासून दिवाळीचा आणि राखीचा, असे दोन फोन. त्यातही हवापाणी.

मंत्रिमहोदयांच्या आयुष्यात एक प्रकरण नव्हतं. समुद्र खात्याचं प्रकरण आम्ही केलं होतं, पण ते एका हिवाळ्यापाशी येऊन थांबायचं आणि एकदम वसंतात सुरू व्हायचं. मी मास्तरीण असल्यामुळे मला अशी भगदाडं लगेच दिसतात. मी विचारलं. दोन आठवडे त्यांनी वेड घेऊन पेडगावला जायचं धोरण ठेवलं. मग एका सकाळी, टबातलं पाणी गार करायला सांगून, त्यांनी ते सांगितलं. टाइप करायचं नाही या अटीवर.

त्यांच्याच गावची एक मासेमारीची बोट वादळात हरवली होती. सात माणसं. बुधवारी मंत्र्यांच्या टेबलावर निरोप आला की बोटीची फळकुटं सापडली, दोन प्रेतं सापडली, कुणी वाचलेलं नाही. रविवारी मतदान होतं. सोमवारपर्यंत बोलू नये, असं वरून आलं. ते गावी गेले. धक्क्यावर सात घरांतल्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यात तो मित्र, टोपलीतल्या खेकड्याचा. त्याचा धाकटा भाऊ बोटीवर होता. मित्राने विचारलं, "आशा आहे का?" मंत्री म्हणाले, "शोध चालू आहे. आशा आहे."

त्या बायका पाच दिवस धक्क्यावर येत राहिल्या. मित्र नुसता उभा राहिला नाही. त्या हवेत आपली लहान बोट काढून तीन दिवस भावाला शोधत फिरला. दोराच्या चक्रात उजव्या हाताची दोन बोटं चिरडून परत आला. सोमवारी सगळं जाहीर झालं आणि मंत्र्यांना बुधवारपासून ठाऊक होतं हेही यथावकाश गावाला कळलं. मंत्री असले तरी गावचे नगराध्यक्षही अजून हेच होते; मित्र नगरपालिकेत आला, बांधलेला हात यांच्या टेबलावर ठेवला, एक शब्द न बोलता उचलला आणि गेला. तीस वर्षांत तो यांच्याशी पुन्हा बोलला नाही.

"हे पुस्तकात जायला हवं," ते म्हणाले. "पण त्याच्या आधी त्याला सांगायला हवं. त्याने नाही म्हटलं तर नाही."

आम्ही पत्र लिहायला घेतलं. तीन आठवडे लागले. मजूर खात्याचं अख्खं प्रकरण सहा दिवसांत झालं होतं. शेवटी दोन पानं उरली. त्यात क्षमा मागितली होती आणि एक विनंती होती : तुझी परवानगी असेल तर हे मी सगळ्यांसमोर सांगू इच्छितो. सहीसाठी मी त्यांचं बोट कागदावर जागेवर ठेवलं. पत्र टाकून आले त्या दिवसापासून त्यांचा रोजचा पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, "पाऊस?" आता विचारायला लागले, "आलं?"

त्या महिन्यांत सुमात्राच्या जंगलांतला धूर सिंगापूरवर येऊन बसला होता. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा आणि लोक तोंडाला फडकी बांधून MRT मेट्रोमध्ये बसायचे. मंत्रिमहोदयांना खोकला लागला. त्यांच्या मुलीला ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस हनोईला जायचं होतं, म्हणून तिने मला रोज यायची गळ घातली. स्वयंपाकाला एक फिलिपिनो बाई होती, पण ती फ्रेंच बोलत नव्हती आणि मंत्रिमहोदयांचं इंग्रजी फक्त सोफ्यावरच्या उशा मागण्यापुरतं होतं.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा फॅक्सच्या मशीनमधून कागद लोंबत होता. तेव्हाचे फॅक्स म्हणजे गुळगुळीत कागदाची गुंडाळी. फाडली की आपणहून गुंडाळून बसायची. "आलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आलं." ते ताठ बसले. पायजम्याच्या खिशातून कंगवा काढून त्यांनी केस विंचरले. पत्र ऐकायला केस विंचरणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

मी कागद उलगडला आणि पहिल्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. मित्राच्या मुलीने लिहिलं होतं. 'तुमचं पत्र शनिवारी पोचलं. बाबा शुक्रवारी सकाळी गेले.'

ते खिडकीकडे तोंड करून माझ्याकडे बघत होते. नीट विंचरलेले केस.

आणि मी म्हटलं, "त्यांच्या मुलीचं आहे. ते फार आजारी आहेत. सीरियस आहेत. बरं वाटलं की लिहितील." मी फ्रेंचमध्ये म्हटलं, पण बोलला तो दादाच. माझ्या तोंडून दादाचं वाक्य, दादाचाच सूर. हातातला कागद आपोआप गुंडाळला गेला आणि मी तो पर्समध्ये टाकला. पुढचं वाचलं नाही. गेले म्हटल्यावर पुढे काय वाचायचं, असं वाटलं. आपल्याकडे अशा पत्राच्या पुढच्या भागात काय असतं? कसे गेले, कोण जवळ होतं, दिवस कुठे करणार. ते नंतरही वाचता येतं.

मी ठरवलं होतं की त्यांची मुलगी परत आली की तीच सांगेल. रक्ताचं माणूस सांगणं वेगळं. हनोईच्या हॉटेलचा नंबर फ्रिजवर लावलेला होता. फोन करता आला असता. केला नाही.

"आजारी आहे म्हणजे त्याने पत्र वाचलं असेल," ते म्हणाले. मी काहीच बोलले नाही. त्यांनी त्याचा हो असा अर्थ घेतला. आणि मग म्हणाले, "नाही म्हटलेलं नाही. लिहून घ्या."

मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी ते नसलेलं प्रकरण सांगितलं, दोन दिवसांत, खोकत, पण न अडखळता. असं त्यांनी याआधी कधीच सांगितलं नव्हतं. सात माणसांची नावं वयांसकट पाठ होती. धक्क्यावरच्या बायकांच्या डोक्याचे रुमाल कुठल्या रंगांचे होते तेही पाठ होतं. आणि शेवटाकडे एक वाक्य आलं : 'त्या पाच दिवसांत मी त्यांना जी आशा दिली, ती दयेपोटी दिली.' मी टाइप केलं. माझी बोटं मध्ये थांबली, त्यांनी ऐकलं असावं. "चूक झाली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. चार वर्षं मी दादाच्या नावाने बोटं मोडत होते.

घरी मुलीला कळलं की आईचं काहीतरी बिनसलंय. तिने खोदून विचारलं तेव्हा मी सांगितलं. ती गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "सो जस्ट टेल हिम लाह, आई. ही इज नॉट अ बेबी, राइट?" मी तिला ओरडले. मोठ्यांच्या गोष्टींत नाक खुपसू नकोस म्हणाले. तिने वही उचलली आणि आत निघून गेली.

बुधवारी दुपारी त्यांनी जाहीर केलं की ते फ्रान्सला जाणार. मित्र आजारी आहे तर त्याच्या उशाशी जाऊन बसायचं. मला विमानाच्या ऑफिसला फोन करायला सांगितलं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं. मी त्यांच्यासमोर फोन उचलला, बटणं न दाबता नुसतं बोलले आणि सांगितलं, या आठवड्यात जागा नाही. तिकडच्या घरी फोन लावा म्हणाले. मी म्हटलं, ते हॉस्पिटलमध्ये असतील, घरी कुणी उचलणार नाही. बटणंही न दिसणाऱ्या माणसासमोर मी हे नाटक केलं. आजही लिहिताना कान तापतात. गुरुवारी त्यांनी फिलिपिनो बाईकडून कपाटाच्या वरची बॅग काढून घेतली. जाड लोकरी कोट काढला. कोटाला कीड लागली होती. त्यांना भोकं दिसत नव्हती आणि आम्ही दोघी काही बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी पोचले तर ते दारात उभे. धुराने आणि उकाड्याने जीव घाबरा होत होता आणि हे लोकरी कोट, गळ्याला मफलर, पायांत चामडी बूट. खालच्या मजल्यावरच्या माणसाकडून त्यांनी टॅक्सी मागवली होती. "जागा मिळेपर्यंत विमानतळावर बसेन," म्हणाले. "युद्धात मी याहून वाईट ठिकाणी बसलो आहे."

मी त्यांचा कोटाचा हात धरला. म्हटलं, "जाऊ नका. ते गेले."

"कुठे गेले?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना लगेच कळलं. फक्त विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी. गेल्या शुक्रवारी."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

त्यांनी कोटाच्या बाहीतून हात बाहेर काढला आणि बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. हात तसाच हवेत राहिला. मग ते खुर्चीवर बसले, कोटासकट, आणि म्हणाले, "आता सगळं वाचा. पहिल्या शब्दापासून."

मी पर्समधून गुंडाळी काढली. चार दिवसांत ती अजूनच घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ताणून धरून वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी मला माहीत होत्या. त्यापुढचं आम्ही दोघांनी एकदमच ऐकलं.

मुलीने लिहिलं होतं की शेवटच्या महिन्यात बाबांनी तुमचं नाव दोनदा काढलं. म्हणाले, त्याचं कधी काही आलंच तर फाडू नका, सगळ्यांसमोर वाचा. बाबांची अंत्यप्रार्थना गुरुवारी सकाळी दहा वाजता धक्क्यावरच्या लहान चर्चमध्ये आहे. सात घरांतल्या ज्या बायका अजून आहेत त्या येणार आहेत. तुमचं पत्र तिथे वाचावं असं आम्हाला वाटतं. पण पत्र तुमचं आहे, तुम्ही हो म्हटल्याशिवाय वाचणार नाही. फक्त 'हो' एवढा एक शब्द पाठवा. किंवा फोन करा. तुम्ही स्वतः बोललात तर ते आम्ही सगळ्यांना ऐकवू. खाली नंबर होता.

मी नंबरही वाचला. सगळं वाचा म्हणाले होते म्हणून. मग खोलीत फक्त त्यांचा खोकला होता. गुरुवार होऊन गेला होता. बुधवारी मी ज्या फोनवर बटणं न दाबता बोलले होते, तो फोन त्यांच्या कोपरापाशी होता.

खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. फिलिपिनो बाई त्याला परत पाठवायला गेली.

"मादाम," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तुमचं वय, तुमचा खोकला, मुलगी गावाला गेलेली. दादाने दिली होती ती सगळी कारणं माझ्याजवळ तयार होती. मी म्हटलं, "नाही. तुम्ही केस विंचरले होते. त्यानंतर तुमच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, बुधवारचं शेवटचं पान काढा. मी काढलं. दयेपोटीचं वाक्य वाचा. मी वाचलं. "खोडा ते," म्हणाले. "त्या जागी तुम्ही आत्ता म्हणालात ते घाला."

मी टाइप केलं : 'त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.' तीस वर्षं त्यांना सापडत नव्हतं ते वाक्य माझ्याकडून गेलं, आणि ते माझ्याकडे कसं आलं हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी रडत होते. त्यांना दिसलं असेल, कारण त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

त्यांनी उशिराचा 'हो' फॅक्सने पाठवला. उत्तर आठवड्याने आलं आणि ते मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचलं. सातपैकी चार घरांतल्या बायका आल्या होत्या. तुमचा फोन येईल असं कुणीतरी म्हटलं म्हणून प्रार्थना संपल्यावरही त्या थोडा वेळ थांबल्या. मग घरी गेल्या. पत्र बाबांच्या कागदांबरोबर ठेवलं आहे. आता ते वाचावं असं आईला वाटत नाही. एवढंच होतं. मंत्रिमहोदय इतकंच म्हणाले, "पुन्हा थांबल्या."

मला वाटलं होतं ते मला काढून टाकतील. काढलं नाही. मी जात राहिले, पत्रं वाचत राहिले, पण पुस्तक तिथेच थांबलं. मी कागद घालून बसायची आणि ते म्हणायचे, आज नको. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही आणि माफही केलं नाही. मी माफी मागितली होती. त्यावर ते म्हणाले होते की तो अधिकार त्यांचा एकट्याचा नाही.

त्याच महिन्यात, दिवाळी नसताना, मी दादाला फोन केला. तो घाबरला. परदेशातून अवेळी फोन म्हणजे काय ते त्यालाही माहीत. त्याच्या गुडघ्यांबद्दल बोललो, वहिनीच्या शुगरबद्दल बोललो. मग मी विचारलं, "दादा, त्या दिवशी तू मला फोन केलास तेव्हा अण्णा कुठे होते?" त्याने आधी मागे चालू असलेला टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "माझ्यासमोर. चटईवर." फोन कुणी लगेच ठेवला नाही.

पुढच्या वर्षी पावसाळी हवेत मंत्रिमहोदयांचा खोकला छातीत उतरला. एका सकाळी मी मुलीचा डबा भरत होते आणि फोन वाजला. त्यांची मुलगी होती. नमस्कार नाही, काही नाही. "बाबा गेले," ती म्हणाली. "आज पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी. उद्या अकरा वाजता, मंडाई." मंडाई म्हणजे इथलं स्मशान, पुण्याच्या माणसाला हे नाव पचायला वेळ लागतो.

मी काही म्हणायच्या आत तीच पुढे म्हणाली, "असं तोडून सांगितलं म्हणून राग मानू नका. त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. मादामना फोन करशील तेव्हा आधी 'गेले' म्हण, मग वेळ सांग, मग जागा. दुसरा शब्द मध्ये येऊ द्यायचा नाही, म्हणाले."

मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. घड्याळात सात वाजायला दहा कमी होते. मुलगी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती, तिने विचारलं, "आई, हू डाइड?" मी तिला सरळ सांगितलं. मग गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघाले. मंत्रिमहोदय अजून घरीच होते.